वादळाच्या मागे जाऊन विजेचे फोटो काढायचेत, पण नेमकं उभं कुठे राहायचं?

रानवारा:
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा प्लीज.

उन्हाळ्यात दुपारी उकाडा असह्य झाला आणि क्षितिजावर ढग चढायला लागले की माझं दुसऱ्या कशात लक्षच लागत नाही. आत्तापर्यंत गच्चीवरून जे दिसेल ते टिपत आलोय, आता मी आणि एक मित्र गाडी काढून वादळाच्या मागे जायचं ठरवतोय, तो चालवणार, मी कॅमेरा सांभाळणार. जवळ एक साधा डीएसएलआर, १८-५५ ची किट लेन्स, ट्रायपॉड आणि वायरचं रिमोट आहे.

अडचण एक, रात्री ३० सेकंद शटर उघडं ठेवलं की वीज सापडते पण जवळची असली तर अख्खं आभाळ पांढरंफटक आणि लांबची असली तर केसाएवढी पुसट रेघ. दिवसा तर हातीच लागत नाही, चमकली म्हणून बटण दाबावं तर ती कधीच गेलेली. ट्रिगर, म्हणजे वीज चमकली की आपोआप शटर उघडणारं यंत्र, घ्यावा का त्यासाठी?

अडचण दोन, आणि ही मोठी. रडारवर लाल जांभळा पट्टा दिसतो, तिथे जायचं, त्याच्या पुढे जायचं का मागून? आणि गाडीत बसून कितपत सुरक्षित आहे हे पण सांगा, घरच्यांना काहीतरी ठोस सांगावं लागेल.

ढगसोबती:
आधी दुसऱ्या प्रश्नाचं बोलू कारण तो सुटला तर पहिला अर्धा आपोआप सुटतो.

लाल पट्ट्यात अजिबात जायचं नाही. रडार पाऊस आणि गारा दाखवतं, वादळाचं रूप दाखवत नाही. लाल भागात गेलात की समोर करडी भिंत, वायपर फुल स्पीडवर, वीज पडली तरी नुसता सगळीकडे उजेड होणार, रेघ दिसणारच नाही. फोटो बाहेरून मिळतो, आणि बाहेरून म्हणजे ज्या बाजूने गरम दमट हवा वादळात वर चढतेय त्या बाजूने. तिथे ढगाचा तळ सपाट, काळा, पण खाली पाऊस नसतो, त्यामुळे तळाखालून पार क्षितिजापर्यंत नजर जाते आणि वीज ढगातून निघून जमिनीला टेकेपर्यंत अख्खी दिसते. तुमची पुसट रेघ येते ना, त्यातल्या बऱ्याच वेळा मध्ये पावसाचा पडदा असणार, सेटिंगचा दोष नसणार.

आता ही बाजू ओळखायची कशी. अमेरिकेत १९४६-४७ मध्ये बायर्स आणि ब्रॅहम या शास्त्रज्ञांनी फ्लोरिडा आणि ओहायोत विमानं थेट वादळी ढगांत घालून मोजमापं घेतली, तेव्हा वादळाच्या तीन अवस्था नीट समजल्या. पहिल्यांदा नुसती हवा वर, मग वर आणि खाली दोन्ही, शेवटी नुसती खाली, म्हणजे ढग पाऊस पाडून मोकळा झाला. साध्या एका ढगाचं हे सगळं आयुष्य अर्धा ते एक तासात संपतं. याचा अर्थ काय ते बघा, लांबून ऐरणीसारखा पसरलेला माथा बघून तुम्ही गाडी काढली आणि पाऊण तास चालवलं तर पोचेपर्यंत तो ढग म्हातारा झालेला असणार. म्हणून पूर्ण वाढलेल्या ढगाकडे नाही, शेजारी नवीन चढणाऱ्या ढगाकडे जायचं. ज्याच्या कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या ठसठशीत, कडक दिसतायत तो जोरात वाढतोय. कडा पिंजल्यासारख्या तंतुमय झाल्या की वर बर्फ झालाय आणि जोर उतरायला लागलाय. फक्त डोळ्यांनी एवढं ओळखता आलं तरी खूप झालं, मी अजूनही अ‍ॅपपेक्षा यावर जास्त भरवसा ठेवतो.

मोठी वादळं जास्त टिकतात त्याला कारण आहे. पडणाऱ्या पावसाने गार झालेली जड हवा जमिनीवर पसरते, तिच्या कडेवर पुढची गरम हवा उचलली जाते आणि तिथे नवीन ढग उभा राहतो, अशी साखळी चालते. आणि जमिनीपासून ६ किमी उंचीपर्यंत वाऱ्याचा वेग, दिशा जास्त बदलत असेल, साधारण २० मीटर प्रतिसेकंद आणि वर, तर पाऊस एका बाजूला पडतो आणि वर चढणारा प्रवाह दुसऱ्या बाजूला मोकळा राहतो. असं फिरतं वादळ म्हणजे सुपरसेल, ते कित्येक तास जगतं. अशा वादळांसाठी उत्तर गोलार्धात, ते ईशान्येकडे चाललं असेल तर, आग्नेयेला थांबावं असं चेसर, म्हणजे वादळाचा पाठलाग करणारे लोक सांगतात. पण ही दिशा पाठ करू नका, वादळाची चाल बदलली की सगळंच फिरतं. वारा बघा. वारा तुमच्या पाठीकडून गरम दमट येतोय आणि वादळाकडे जातोय, तर तुम्ही योग्य बाजूला आहात. अचानक वारा पडला आणि मग वादळाकडूनच गार झोत आला, मातीचा वास आला, की वादळाची गार हवा तुमच्यापर्यंत पोचली. त्या वेळी समोर शेल्फ क्लाउड असेल, लांब आडवा कमानीसारखा पट्टा, त्याचे दोन चार वाइड फ्रेम घ्या आणि लगेच निघा, पाठोपाठ सोसाट्याचा वारा आणि गारा असतात.

उघडंशटर:
ढगसोबती यांनी जागेचं सांगितलं, मी कॅमेऱ्याचं सांगतो.

मुळात एक गोष्ट डोक्यात बसली की बाकी सोपं आहे. विजेचा उजेड शटरच्या वेळेवर अवलंबून नसतो. एकेक झोत सेकंदाचा अगदी बारीक अंश असतो, शटर ५ सेकंद उघडं असो की ३० सेकंद, वीज तेवढीच उजळ येणार. ती कमीजास्त होते ती फक्त अ‍ॅपर्चर आणि आयएसओ ने. शटरच्या वेळेने बदलतो तो बाकीचा उजेड, म्हणजे आभाळ, लांबचे दिवे, संधिप्रकाश. त्यामुळे तुमची जवळची वीज पांढरीफटक होते तिथे शटर कमी करून काहीच फरक पडणार नाही, अ‍ॅपर्चर लहान करा, म्हणजे एफचा आकडा वाढवा.

माझी सुरुवात अशी असते. आयएसओ १००, वीज १० किमीच्या आसपास पडत असेल तर एफ ८. लांब, २० किमीच्या पुढे असेल तर एफ ५.६ किंवा ४, जवळ येत असेल तर एफ ११, १६. मग एक वीज सापडली की स्क्रीनवर झूम करून बघा, रेघेच्या मध्यात रंगाची छटा शिल्लक आहे का नुसता पांढरा भाग झालाय, त्यावरून एखादा स्टॉप (म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) इकडेतिकडे. रॉ मध्येच काढा, व्हाइट बॅलन्स ४००० केल्व्हिनच्या जवळ ठेवला की आभाळ मातकट केशरी न होता निळसर राहतं.

फोकस मॅन्युअल, लाइव्ह व्ह्यूमध्ये लांबचा एखादा दिवा मोठा करून धारदार करायचा आणि रिंगला चिकटपट्टी लावायची. ऑटोफोकस अंधारात शोधत बसतो आणि तेवढ्यात चांगली वीज निघून जाते. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन पण बंद, नाहीतर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा अजून ३० सेकंद अडकून राहतो, म्हणजे निम्मं वादळ फुकट. कंटिन्युअस मोडवर टाकून रिमोटचं बटण लॉक करा आणि हात काढून घ्या, एकामागून एक फ्रेम पडत राहतील. नंतर त्यातल्या विजा असलेल्या फ्रेम लाइटन मोडने एकावर एक ठेवता येतात, पण मी तसं केलं की फोटोखाली लिहितो, एका क्षणात चार विजा पडल्या असं बघणाऱ्याला वाटू नये.

दिवसाचं गणित वेगळं. माणसाला बघून बटण दाबायलाच साधारण ०.२ सेकंद लागतात, वर कॅमेऱ्याचा स्वतःचा उशीर. तरी ट्रिगर का चालतो, कारण ढगातून जमिनीवर येणारी नेहमीची वीज एकदाच चमकून थांबत नाही, त्याच वाटेने साधारण ३ ते ५ झोत जातात, मधे चाळीस पन्नास मिलिसेकंदांचं अंतर असतं. आपल्याला ती थरथरल्यासारखी दिसते ते यामुळेच. ट्रिगर पहिल्या झोताला जागा होतो आणि पुढचे झोत पकडतो. म्हणून ट्रिगर लावून शटर १/१००० ठेवू नका, १/४ ते १/१५ मध्ये ठेवा. त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी लेन्सवरची काळसर काच लागेल, ३ ते ६ स्टॉपचा. पण लक्षात ठेवा, धन भार खाली आणणाऱ्या विजा, ज्या कमी असतात पण फार दणदणीत असतात, त्यात बहुतेकदा एकच झोत असतो, मग ट्रिगरचं नशीब त्या झोतानंतर प्रवाह किती वेळ चालू राहतो त्यावर.

ट्रिगर नसेल तरी अडत नाही. ढग दाट काळा असेल, सूर्य मागे असेल तर एनडी लावून १/२ सेकंदाचे सतत फोटो काढत राहा. ९९ टक्के डिलीट करावे लागतील, कार्ड मोठं ठेवा.

मिररलेस वापरणाऱ्यांसाठी, इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि वीज मधेच पडली की अर्धी फ्रेम उजळ अर्धी काळी असा आडवा पट्टा येतो, तो नंतर कशानेच जात नाही.

निळीकड:
फोटोचं छान चाललंय पण रानवारा, तुमचा तिसरा प्रश्न घरच्यांसाठी म्हणून विचारलात तो तुमच्यासाठी आहे, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते.

गाडी सुरक्षित आहे ती टायरच्या रबरामुळे नाही. काही किमी हवा फोडून आलेल्या विजेला चार इंच रबर काय अडवणार. गाडी वाचवते कारण वरचं धातूचं छत आणि बॉडी मिळून करंट बाहेरच्या बाहेर जमिनीत नेते. म्हणून छत धातूचं हवं, काचा पूर्ण वर हव्यात, आणि आत बसून दाराचा धातू, चार्जरची वायर, रेडिओ धरून बसायचं नाही. कापडी छताची गाडी, दुचाकी, उघडी जीप यात हे संरक्षण नाही. काच खाली करून लेन्स बाहेर काढून बसलात तर तेही गेलं.

चमक दिसल्यावर आवाजापर्यंत सेकंद मोजा, भागिले ३, तेवढे किमी. ३० सेकंद किंवा कमी म्हणजे १० किमीच्या आत, तेव्हा तुम्ही गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही, पाऊस थांबला तरी. खरं तर आवाज ऐकू आला म्हणजेच तुम्ही टप्प्यात आहात असं धरा, कारण काही विजा ढगाच्या बाजूने निघून १५ किमी आणि त्याहून लांब, डोक्यावर ऊन असताना येऊन पडतात. झाडाखाली नको, टेकडीच्या माथ्यावर नको, तारेच्या कुंपणाला टेकून नको. जमिनीवर आडवं पडायचं तर अजिबात नाही, पुष्कळ लोक थेट वीज पडून नाही तर जमिनीतून पसरलेल्या करंटने दगावतात, आणि आडव्या शरीराच्या दोन टोकांत जास्त व्होल्टेज येतो.

आणि ज्यांना वाटतं अनुभव असला की जमतं, त्यांनी एल रेनो वाचावं. ३१ मे २०१३, ओक्लाहोमा. टोर्नेडो बघता बघता ४.२ किमी रुंद झाला, आजवर मोजलेला सर्वात रुंद, त्यात दिशा बदलली आणि पावसात गुंडाळलेला असल्यामुळे नीट दिसतही नव्हता. त्यात टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गेले. समारास म्हणजे कोणी हौशी नव्हते, २००३ मध्ये साउथ डाकोटातल्या मँचेस्टरजवळ टोर्नेडोच्या वाटेत स्वतः बनवलेलं यंत्र ठेवून त्यांनी हवेचा दाब १०० मिलिबारने कोसळताना नोंदवला होता. चेसर मंडळींत ते फार सावध म्हणून ओळखले जायचे. मला त्यांच्याबद्दल वाचलं की अजूनही वाईट वाटतं. वादळ तुमच्या अंदाजाला बांधील नसतं, म्हणून अंतर ठेवा, आणि पळायचा रस्ता आधी ठरवा, फोटोची जागा नंतर.

रानवारा:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. टायरचा गैरसमज माझ्या मित्राचाही आहे, त्याला हे दाखवतो.

आता तीन गोष्टी राहिल्या. काचा बंद ठेवायच्या तर गाडीतून फोटो काढायचा कसा? रडारवर वादळ नक्की कुठे आहे हे कितपत खरं मानायचं? आणि सकाळी बसून आज जायचं की नाही हे कसं ठरवता तुम्ही?

काळाढग:
मी थोडं वेगळं मत मांडतो, पटेल तर घ्या. पाठलाग हा शब्दच डोक्यातून काढा. विजेचे सगळ्यात चांगले फोटो मी एका जागी थांबून काढलेत. आधी दिवसाउजेडी फिरून उघडी, सपाट, चारी बाजूंना क्षितिज दिसणारी जागा शोधायची, समोर पाणी असेल तर उत्तम, बाहेर पडायला दोन रस्ते असलेली, आणि मग वादळाला आपल्या समोरून आडवं जाऊ द्यायचं. जगात सगळ्यात जास्त विजा जिथे पडतात ते व्हेनेझुएलातलं माराकाइबो सरोवर घ्या, उपग्रहाच्या मोजणीत तिथे वर्षाला दर चौरस किमीमागे सरासरी २३३ विजा. तिथे फोटोग्राफर पाठलाग करत नाहीत, रात्री काठावर बसतात, वादळ त्याच भागात पुन्हा पुन्हा उठतं. भूगोल कळला की पेट्रोल कमी लागतं. तुमच्याकडचे ढग कुठल्या डोंगरकडेला आधी उठतात, संध्याकाळी कुठे सरकतात याची एक वही करा. एका मोसमात इतकं कळेल की अ‍ॅप बघायच्या आधी तुम्हाला अंदाज येईल.

रडारबद्दल, फोनवर जे चित्र येतं ते आत्ताचं नसतं. रडार फिरून, चित्र तयार होऊन, तुमच्या फोनवर येईपर्यंत ५ ते १५ मिनिटं सहज जातात. वादळ ताशी ६० किमीने सरकत असेल तर मिनिटाला १ किमी, म्हणजे १० मिनिटं जुन्या चित्रात ते १० किमी मागे दिसतंय. चित्रावरची वेळ बघायची सवय लावा, रंग नंतर बघा. विजांसाठी ब्लिट्झॉर्टुंगचा नकाशा बघत जा, लोकांनी आपापल्या घरी रिसीव्हर लावून उभं केलेलं जाळं आहे, वीज कुठे पडली ते काही सेकंदांत दिसतं. पण नेटवर्क गेलं तर दोन्ही गेलं, आणि नेमकं वादळातच जातं, तेव्हा डोळे आणि वारा.

ढगसोबती:
काळाढग यांचं पटतं, पण सगळीकडे नाही. जिथे वादळं जोरात सरकतात तिथे एका जागी थांबलात तर वीस मिनिटांत खेळ खलास, थोडं पुढे पुढे सरकत राहावंच लागतं. माझा मार्ग मधला, एकाच रस्त्यावर दोन तीन जागा आधी ठरवलेल्या आणि वादळाच्या समांतर सरकायचं, त्याच्यात घुसून पलीकडे निघायचा प्रयत्न कधीच नाही. अंतर १५ ते २५ किमी. एवढ्या लांबून १८ एमएमला अख्खा ढग, तळ, पावसाचा खांब आणि वीज सगळं एका फ्रेममध्ये येतं. जवळ गेल्यावर यातलं फक्त एकच काहीतरी येतं.

सकाळचं सांगतो. मला तीन गोष्टी हव्या असतात, जमिनीलगत ओल, वर चढायला ताकद, आणि सुरुवातीला धक्का देणारं काहीतरी. ताकदीसाठी केप बघा, म्हणजे हवा वर चढायला किती ऊर्जा साठलीय त्याचा आकडा, विंडीसारख्या अ‍ॅपवर तो थर मिळतो. १००० च्या खाली मी सहसा निघत नाही, २५०० च्या वर गेला तर बॅटऱ्या चार्जिंगला लावतो. पण नुसता मोठा आकडा बघून धावू नका. वर गरम कोरड्या हवेचा थर बसलेला असला तर ४००० असूनही दिवसभर निळं आभाळ राहतं, एक ढग फुटत नाही. तोच थर दुपारी उशिरा मोडला तर मात्र साठलेली सगळी ताकद एकदम सुटते, भयंकर वादळं अशाच दिवशी होतात. म्हणून दुपारी दोननंतर उपग्रहाचं चित्र दर थोड्या वेळाने बघत राहा, ढगांचे छोटे पुंजके एखाद्या रेषेत जमायला लागले की ती रेषा म्हणजे तुमचा धक्का, गाडी तिकडे.

उघडंशटर:
बंद काचेचं राहिलं. सक्शन कपवाला माउंट किंवा डॅशबोर्डवर बीन बॅग, लेन्स काचेला जवळपास चिकटवायची आणि भोवती काळं कापड, म्हणजे आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब येत नाही. काच आतून बाहेरून आधी पुसून ठेवा, एफ १६ ला काचेवरचे डाग दिसायला लागतात. गाडी अशी लावा की वादळ वाऱ्याच्या उलट बाजूच्या काचेतून दिसेल, थेंब कमी येतात. इंजिन बंद, नाहीतर ३० सेकंदांच्या फोटोत थरथर येते. आणि एसी लावून गार झालेला कॅमेरा बाहेरच्या दमट हवेत काढला की लेन्सवर धुकं धरतं, पुसलं तरी परत येतं, म्हणून थांबायच्या वीसेक मिनिटं आधी एसी बंद करा.

वादळ आधी लांबूनच पकडायचं असेल तर ट्रायपॉड बाहेर लावून फ्रेम ठरवा, रिमोट लॉक करा आणि तुम्ही गाडीत बसा. कॅमेरा बाहेर राहिला तर चालतो, तुम्ही नको.

अजून एक, वादळ पुढे गेलं म्हणून लगेच आवरायला घेऊ नका, गाडीतच बसून राहा पण कॅमेरा चालू ठेवा. मागे पसरलेल्या माथ्याच्या खालून आडव्या विजा सरपटत जातात, एका क्षितिजापासून दुसऱ्यापर्यंत, फांद्या फुटत. त्या जमिनीवर पडणाऱ्या विजेपेक्षा मंद असतात, आयएसओ ४०० आणि एफ ४ करा, मिळेल तेवढी वाइड लेन्स, कॅमेरा थोडा वर झुकवलेला. तुमच्या १८-५५ ला वाइडला एफ ३.५ मिळतं, तेवढं पुरतं.

निळीकड:
आणि सूर्यास्ताला वादळ पूर्वेला गेलं असेल तर खालून लोंबणारे मॅमॅटस ढग केशरी होतात, ते दहा पंधरा मिनिटंच टिकतात. विजेच्या नादात ते सोडू नका रानवारा. पहिल्यांदा जाताना मित्राला एवढं मात्र बजावून ठेवा की निघायचं कधी ते चालवणारा ठरवणार, कॅमेरावाला नाही, आणि त्यावर वाद घालायचा नाही.

रानवारा:
हे शेवटचं आजच ठरवून टाकतो त्याच्याशी. बीन बॅग आणि काळं कापड घरात आहे, एनडी फिल्टर मागवतो, ट्रिगर सध्या राहू दे. रविवारी आधी नुसती जागा बघायला जातोय, दोन रस्ते असलेली. फोटो मिळाले की इथेच टाकतो, सेटिंगसकट.